हेलिकॉप्टर उडवण्यासाठी तो ३० वर्षं थांबला, पण ते थांबवायलाही वेगळा ब्रेक लागला

मुंबईत राहत असाल तर कुलाब्याच्या बाजूला आकाशात एक धिप्पाड, करड्या रंगाचं हेलिकॉप्टर कधी ना कधी बघितलं असेल. ते नौदलाचं सी किंग. कुलाब्यातल्या आयएनएस शिक्रा या तळावरून ही हेलिकॉप्टर्स उडतात आणि समुद्रात गेली की युद्धनौकांच्या डेकवर उतरतात.

आता एक साधा प्रश्न.

हेलिकॉप्टर डेकवर उतरलं, पायलटनं इंजिन बंद केलं. मग वरचा पंखा लगेच थांबतो का?

नाही थांबत. घरातला पंखा बंद केल्यावरही थोडा वेळ फिरतच राहतो ना, तसंच. फरक एवढाच की इथला पंखा साधारण ६२ फूट व्यासाचा असतो आणि खाली डेकवर माणसं पळापळ करत असतात. वर समुद्राचा वारा आणि खाली डोलणारं जहाज. अशा वेळी हा पंखा आपोआप थांबायची वाट बघणं म्हणजे अपघाताला निमंत्रण.

म्हणून या हेलिकॉप्टरमध्ये एक वेगळी गोष्ट बसवलेली असते. तिचं नाव रोटर ब्रेक.

हा ब्रेक का लागतो हे समजून घ्यायचं असेल तर आधी एका माणसाची गोष्ट समजून घ्यावी लागते. सी किंगचं मूळ डिझाइन ज्याच्या कंपनीचं आहे, आणि एक मोठा पंखा वर, एक छोटा पंखा शेपटीला, हे आज आपल्याला दिसणारं हेलिकॉप्टरचं रूप ज्यानं जगात रुजवलं, तो माणूस. इगोर सिकोर्स्की.

रबर बँडवरचं पहिलं हेलिकॉप्टर

इगोरचा जन्म २५ मे १८८९ चा. गाव कीव्ह. आज ही युक्रेनची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यातलं शहर होतं. वडील इव्हान सिकोर्स्की मानसोपचारातले नावाजलेले प्राध्यापक. आई मारिया डॉक्टरकी शिकलेली, पण तिनं दवाखाना न थाटता मुलांना घरीच शिकवलं. पाच भावंडांत इगोर सगळ्यात धाकटा.

आईनं या पोराला दोन माणसांचं वेड लावलं. एक लिओनार्दो दा विंची, ज्यानं चारशे वर्षांपूर्वी फिरणाऱ्या स्क्रूसारख्या उडत्या यंत्राचं चित्र काढून ठेवलं होतं. दुसरा ज्यूल व्हर्न, ज्याच्या कादंबऱ्यांत असली यंत्रं सरळ आकाशात फिरायची.

परिणाम काय व्हायचा तो झाला. बारा वर्षांचा होईपर्यंत इगोरनं रबर बँडवर चालणारं एक छोटं खेळण्यातलं हेलिकॉप्टर बनवलं होतं.

तेव्हा राईट बंधूंचं विमानसुद्धा उडालेलं नव्हतं. ते उडालं १९०३ ला. त्याच वर्षी इगोर सेंट पीटर्सबर्गच्या नौदल अकादमीत दाखल झाला. तीन वर्षांत त्याला कळलं की आपल्याला अधिकारी नाही, इंजिनिअर व्हायचंय. त्यानं अकादमी सोडली, काही काळ पॅरिसला शिकला आणि १९०७ मध्ये कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये आला.

१९०८ च्या उन्हाळ्यात वडिलांसोबत जर्मनीत असताना त्याला राईट बंधूंच्या उड्डाणांबद्दल कळलं. झालं, विषय संपला. पोरानं ठरवलं, आयुष्यभर हेच करायचं.

दोन हेलिकॉप्टर बनवली, दोन्ही फेल गेली

घरात पैसे मागायचे कुणाकडे? मोठी बहीण ओल्गा मदतीला आली. तिच्या पैशांवर इगोर १९०९ मध्ये परत पॅरिसला गेला, तिथल्या विमानवेड्या लोकांमध्ये मिसळला आणि येताना २५ हॉर्सपॉवरचं एक आंझानी इंजिन घेऊन आला.

आज आपल्याकडच्या साध्या कारमध्येही याच्या दुपटीहून जास्त ताकदीचं इंजिन असतं.

त्या इंजिनावर त्यानं आपलं पहिलं हेलिकॉप्टर बांधलं. एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे, उलटसुलट दिशांनी फिरणारे. यंत्र थरथरलं, हललं, पण जमीन सोडेना. ऑक्टोबरपर्यंत त्यानं ते सुटं करून टाकलं. १९१० मध्ये दुसरं बनवलं. ते स्वतःचं वजन कसंबसं उचलू शकलं, पण पायलट बसवून वर जाणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

इथं विशीतल्या या पोरानं एक समजूतदार निर्णय घेतला. कल्पना चुकलेली नाही, पण आजची इंजिनं जड आहेत, साहित्य कच्चं आहे आणि आपल्याला अजून पुरेसं कळत नाही, हे त्यानं मान्य केलं. हेलिकॉप्टरची फाईल बंद करून ठेवली आणि विमानांकडे वळला.

ती फाईल पुन्हा उघडायला जवळपास तीस वर्षं जाणार होती.

एका डासानं शिकवलेला धडा

विमानांमध्ये मात्र गडी सुसाट सुटला. १९११ मध्ये त्याला पायलटचं लायसन्स मिळालं. पण त्याच सुमारास एका उड्डाणात त्याच्या एस-५ विमानाचं इंजिन मध्येच बंद पडलं आणि विमान आदळलं. तो वाचला. नंतर इंजिन उघडून बघितलं तर काय, पेट्रोलमधून आलेला एक डास कार्ब्युरेटरमध्ये अडकला होता.

एक डास आख्खं विमान पाडू शकतो? मग विमानाला एकच इंजिन असणं हाच धोका आहे, असं त्याच्या डोक्यात बसलं.

तेव्हा एकाहून जास्त इंजिनांचं मोठं विमान म्हणजे वेडेपणा समजला जायचा. एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर विमान गरगर फिरून पडेल असं जाणकार सांगायचे. सिकोर्स्कीनं १९१३ मध्ये चार इंजिनांचं ग्रँड नावाचं विमान उडवून दाखवलं. त्यात प्रवाशांना बसायला बंद केबिनही होती.

त्यानंतर आलं इल्या मुरोमेत्स. रशियन लोककथांमधल्या एका वीराचं नाव या विमानाला दिलं होतं. आत विजेचे दिवे, गरम हवेची सोय आणि चक्क टॉयलेट. जून १९१४ मध्ये हे विमान घेऊन सिकोर्स्की सेंट पीटर्सबर्गहून आपल्या गावी कीव्हला गेला आणि परत आला. एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरपेक्षा जास्त.

प्रवाशांसाठी बनवलेलं हे विमान. पण दोनच महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याचं बॉम्बर झालं. रशियानं अशी सत्तरहून जास्त विमानं बनवली. आरामात फिरण्यासाठी केलेली केबिन आता बॉम्ब वाहत होती.

सगळं गेलं, शून्यापासून सुरुवात

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. झारच्या हातून पुरस्कार मिळालेला माणूस नव्या सत्तेच्या डोळ्यात खुपणारच. १९१८ च्या सुरुवातीला सिकोर्स्कीनं देश सोडला. पहिलं लग्न मोडलं होतं, लहान मुलगी तान्या मागे राहिली. फ्रान्समध्ये बॉम्बर बनवायचं काम मिळालं, तर तेवढ्यात युद्धच संपलं.

मार्च १९१९ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. वय तिशीच्या उंबरठ्यावर. रशियात नाव होतं, कारखाना होता, मानमरातब होता. अमेरिकेत यातलं काहीच नव्हतं. युद्ध संपल्यामुळे विमान कंपन्याच बंद पडत होत्या, तर परक्या देशातून आलेल्या इंजिनिअरला कोण विचारतो?

मग काय, शिकवण्या. न्यूयॉर्कमधल्या रशियन स्थलांतरितांना ते गणित शिकवायचे, खगोलशास्त्रावर व्याख्यानं द्यायचे. अशी चार वर्षं गेली.

१९२३ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका रशियन मित्राच्या कोंबड्यांच्या फार्मवर सिकोर्स्की यांनी स्वतःची विमान कंपनी सुरू केली. कामाला होते ते बहुतेक रशियातून पळून आलेले लोक. भंगारातून आणलेले भाग वापरायचे, पगाराचा भरवसा नाही, असा सगळा कारभार.

पैसे संपत आले तेव्हा मदतीला आला एक संगीतकार. सर्गेई रचमॅनिनॉव्ह. जगप्रसिद्ध पियानोवादक आणि स्वतःही रशिया सोडून आलेला. त्यानं कंपनीचे ५,००० डॉलर्सचे शेअर्स घेतले. कंपनीला वजन यावं म्हणून त्याला उपाध्यक्षही केलं गेलं. म्हणजे विमान कंपनीचा व्हाईस प्रेसिडेंट पियानो वाजवणारा!

मे १९२४ मध्ये त्यांचं पहिलं अमेरिकन विमान एस-२९-ए उडालं आणि पहिल्याच फेरीत आदळलं. मोडकंतोडकं गोळा करून त्यांनी ते पुन्हा बांधलं. मग मात्र ते उत्तम उडालं.

आणखी एक फटका, मग बरे दिवस

१९२६ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्यासाठी २५,००० डॉलर्सचं बक्षीस होतं. फ्रान्सचा युद्धवीर रेने फॉन्क यासाठी सिकोर्स्कींचं तीन इंजिनांचं एस-३५ विमान घेऊन उडणार होता. २१ सप्टेंबरला इंधनानं खच्चून भरलेलं विमान धावपट्टीवरून निघालं, पण हवेत उठलंच नाही. टोकाला जाऊन कोसळलं आणि पेटलं. चौघांपैकी दोघं गेले. पुढच्या वर्षी ते बक्षीस चार्ल्स लिंडबर्गनं जिंकलं.

दुसरा कुणी असता तर इथं दुकान बंद केलं असतं. सिकोर्स्कींनी दिशा बदलली. पाण्यावरही उतरेल आणि जमिनीवरही, असं एस-३८ हे विमान त्यांनी १९२८ मध्ये आणलं आणि ते तुफान चाललं. त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. १९२९ मध्ये त्यांची कंपनी एका मोठ्या विमान उद्योगसमूहाचा भाग झाली आणि कारखाना कनेक्टिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्डला गेला. पुढं त्यांच्या मोठ्या फ्लाइंग बोट्स पॅन अमेरिकन कंपनीसाठी समुद्रापार प्रवासी नेऊ लागल्या.

नाव, पैसा, घर, दुसरं लग्न, चार मुलगे. सगळं पुन्हा जागेवर आलं होतं.

पण जुनी फाईल डोक्यातून गेली नव्हती. १९३१ मध्येच त्यांनी हेलिकॉप्टरच्या पेटंटसाठी अर्ज करून ठेवला होता. १९३५ ला ते मिळालंही.

पन्नाशीत पुन्हा त्याच स्वप्नाकडे

१९३८ येईपर्यंत फ्लाइंग बोट्सचा धंदा बसायला लागला. मालक समूहानं सिकोर्स्कींच्या विभागाला कात्री लावायचं ठरवलं. त्यांचा मान राखून त्यांना विचारण्यात आलं की आता तुम्हाला काय करायला आवडेल. सिकोर्स्कींनी उत्तर तयारच ठेवलं होतं. माझी माणसं माझ्यासोबत राहू द्या, आम्ही हेलिकॉप्टर बनवतो, अशी त्यांची मागणी होती.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. हेलिकॉप्टरचा शोध एकट्या सिकोर्स्कींनी लावला का? तर नाही. फ्रान्समध्ये पॉल कॉर्नूनं १९०७ मध्येच प्रयत्न केला होता. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हानं ऑटोजायरो बनवून फिरत्या पात्यांचं बरंच शास्त्र सोडवलं होतं. जर्मनीत १९३६ मध्ये फॉके यांचं दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर व्यवस्थित उडालं होतं. शेपटीला छोटा पंखा लावायची कल्पनाही रशियाच्या बोरिस युरिएव्हनं १९१२ मध्ये कागदावर मांडली होती.

मग सिकोर्स्कींनी केलं काय? त्यांनी एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा पंखा, ही सगळ्यात सुटसुटीत मांडणी प्रत्यक्षात चालवून दाखवली आणि कारखान्यात ढिगानं बनवता येईल अशी केली.

शेपटीचा पंखा कशाला? वरचा पंखा एका दिशेनं फिरतो तेव्हा खालचं अंग उलट दिशेनं फिरू पाहतं. शेपटीचा पंखा बाजूनं ढकलून ते फिरणं थांबवतो. कागदावर सोपं वाटतं. पण वारा, इंजिनाची बदलती ताकद, पायलटची हालचाल, या सगळ्यांत हा तोल राखणं म्हणजे तारेवरची कसरत.

१४ सप्टेंबर १९३९. स्ट्रॅटफर्डच्या कारखान्याच्या आवारात लोखंडी नळ्यांचा एक उघडा सांगाडा उभा होता. नाव व्हीएस-३००. इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं. फार वर जाऊ नये म्हणून खाली साखळदंडानं वजनं बांधलेली. चालवायला बसले ते स्वतः सिकोर्स्की. वय पन्नास, अंगात कोट, डोक्यावर हॅट.

चाकं जमिनीवरून सुटली. काही क्षणच, पण सुटली. १९०९ मध्ये जे जमलं नव्हतं ते तीस वर्षांनी जमलं.

डिसेंबरमध्ये वाऱ्याच्या झोतात यंत्र उलटलं आणि मोडलं. त्यांनी ते पुन्हा बांधलं. १३ मे १९४० ला ते साखळदंडांशिवाय उडालं. तेव्हा त्याच्या शेपटीला एक नाही, तीन पंखे होते, कारण मुख्य पंख्याचा कंट्रोल नीट बसत नव्हता. मजा म्हणजे यंत्र वर जायचं, मागे जायचं, बाजूला जायचं, पण पुढे जायला नाटक करायचं. उड्डाणाची फिल्म बघून कंपनीच्या वरिष्ठानं विचारलं की हे पुढे जाताना का दिसत नाही, तर तेवढी एक किरकोळ तांत्रिक अडचण सुटायची बाकी आहे, असं सिकोर्स्कींनी शांतपणे सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

ती किरकोळ अडचण सुटायला डिसेंबर १९४१ उजाडला. तोपर्यंत मे १९४१ मध्येच या यंत्रानं दीड तासाहून जास्त वेळ हवेत राहून जर्मनांचा विक्रम मोडला होता.

आसामच्या तळावरून झालेली सुटका

दुसरं महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकन लष्कराला हेलिकॉप्टर हवं होतं. जानेवारी १९४२ मध्ये एक्सआर-४ उडालं. मे महिन्यात ते स्ट्रॅटफर्डहून ओहायोतल्या राईट फील्डला उडत गेलं. सुमारे १,२०० किलोमीटर, पाच दिवस, थांबत थांबत. पोहोचल्यावर स्वागताला होते ऑर्व्हिल राईट. ज्यांच्या बातमीनं १९ वर्षांच्या इगोरचं आयुष्य बदललं होतं, तेच राईट आता त्याचं हेलिकॉप्टर बघायला आले होते.

याचीच सुधारित आवृत्ती आर-४, जगातलं पहिलं कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेलं हेलिकॉप्टर. १३१ बनली.

आणि आता आपल्या बाजूची गोष्ट. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी सैन्याच्या पाठीमागे एक छोटं विमान पडलं. पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले. विमान उतरवायला जागाच नाही. तेव्हा लेफ्टनंट कार्टर हार्मन आपलं आर-४ घेऊन निघाला, तो आसाममधल्या लालाघाटच्या तळावरून.

त्या दमट उकाड्यात इंजिन पूर्ण ताकद देत नव्हतं. एका वेळी एकच माणूस उचलता येत होता. दोघांना काढल्यावर इंजिन तापून बंद पडायची वेळ आली. रात्र तिथंच काढून दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघांना त्यानं बाहेर काढलं. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरनं केलेली ही पहिली सुटका मानली जाते.

जहाजावर उतरलं आणि ब्रेकचा प्रश्न आला

मे १९४३ मध्ये आर-४ च्या आधीच्या नमुन्यानं एका टँकर जहाजाच्या डेकवर उतरायचे प्रयोग केले. इथून हेलिकॉप्टर समुद्रात गेलं आणि इथंच आपण सुरुवातीला बोललो तो प्रश्न उभा राहतो.

तो नीट समजून घेऊ.

हेलिकॉप्टरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, इंजिनाला कायमचा जोडलेला नसतो. मध्ये एक फ्रीव्हील असतं. सायकलचं पेडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तेच तत्त्व. हे मुद्दाम केलेलं आहे. हवेत इंजिन बंद पडलं तर रोटर मोकळा फिरत राहायला हवा. हेलिकॉप्टर खाली येताना खालून येणारी हवा त्याला फिरवते आणि त्याच जोरावर पायलट सुखरूप उतरू शकतो. म्हणजे इंजिन मेलं तरी पंखा फिरत राहणं, हीच हेलिकॉप्टरची जीवनदोरी आहे.

पण जी गोष्ट हवेत जीव वाचवते, तीच डेकवर जीवावर उठते.

रोटर जोरात फिरत असतो तेव्हा पाती बाहेरच्या दिशेनं ताणली जाऊन ताठ राहतात. वेग कमी झाला की हा ताण जातो आणि लांबलचक पाती लवचिक पट्टीसारखी लवायला लागतात. अशात समुद्रावरचा वारा आला तर पातं वर उचललं जातं आणि खाली आपटतं. ते शेपटीवर आदळू शकतं किंवा डेकवरच्या माणसाला लागू शकतं. म्हणजे धोका रोटर वेगात असताना तर आहेच, पण तो थांबत असतानाच्या त्या मधल्या सेकंदांत वेगळाच धोका आहे. हा काळ जितका कमी, तितकं चांगलं.

रोटर ब्रेक नेमकं हेच करतो. रचना बाईकच्या डिस्क ब्रेकसारखी. गिअरबॉक्सला जोडलेल्या शाफ्टवर एक डिस्क बसवलेली असते. पायलटनं कॉकपिटमधला लिव्हर ओढला की हायड्रॉलिक दाबानं पॅड त्या डिस्कला आवळतात आणि रोटर झटकन थांबतो.

याचे आणखी दोन फायदे आहेत. पहिला, जहाजावर जागा कमी असल्यामुळे हेलिकॉप्टर हँगरमध्ये नेण्याआधी पात्यांची घडी घालावी लागते. त्यासाठी रोटर ठरलेल्या जागी स्थिर उभा असावा लागतो. दुसरा, उड्डाणाआधी रोटर धरून ठेवून इंजिन सुरू करता येतं आणि सगळं तयार झाल्यावर रोटर सोडून तो पटकन वेगात आणता येतो.

मग प्रत्येक हेलिकॉप्टरला हा ब्रेक का नसतो? कारण तो फुकट येत नाही. वजन वाढतं, आणि हेलिकॉप्टरमध्ये एकेका किलोचा हिशेब असतो. शिवाय घाट उतरताना गाडीचे ब्रेक तापतात तसा हाही तापतो. रोटर पूर्ण वेगात असताना किंवा इंजिनाची ताकद चालू असताना चुकून आवळला गेला, तर घर्षणाच्या उष्णतेनं आग लागू शकते, तीही तेलानं भरलेल्या गिअरबॉक्सजवळ. म्हणून वेग किती खाली आल्यावर ब्रेक लावायचा याची मर्यादा ठरलेली असते आणि ब्रेक लागलेला असेल तर कॉकपिटमध्ये दिवा लागतो. मोकळ्या मैदानात उतरणाऱ्या हेलिकॉप्टरला पंखा थांबेपर्यंत वाट बघणं परवडतं, त्यामुळे तिथं अनेकदा हा ब्रेक नसतो किंवा गरजेप्रमाणे बसवला जातो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सिकोर्स्कींच्याच कंपनीचं. अमेरिकन लष्करासाठी त्यांनी ब्लॅक हॉक बनवलं. त्याच हेलिकॉप्टरवरून नौदलासाठी सीहॉक बनवायची वेळ आली तेव्हा आपोआप घडी होणारी पाती, दुमडणारी शेपटी आणि रोटर ब्रेक या गोष्टी त्यात घालाव्या लागल्या. आकाशात दोन्ही सख्खी भावंडं, पण एकाला डेकवर उतरायचं होतं.

वादळातला बार्ज

सिकोर्स्की १९५७ मध्ये निवृत्त झाले, तरी सल्लागार म्हणून कारखान्यात येतच राहिले. मार्च १९५९ मध्ये सी किंग पहिल्यांदा उडालं, ते त्यांनी पाहिलं. पुढं याच हेलिकॉप्टरनं चंद्रावरून परतलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांना समुद्रातून उचलून आणलं. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर युद्धाचं हत्यार कसं झालं, हेही त्यांच्या डोळ्यांसमोरच घडलं. इल्या मुरोमेत्सच्या वेळी झालं तेच पुन्हा.

त्यांना स्वतःला मात्र अभिमान होता तो हेलिकॉप्टरनं वाचवलेल्या जिवांचा. मोठमोठे सन्मान मिळालेला, देवाधर्मावर पुस्तकं लिहिणारा हा शांत माणूस २६ ऑक्टोबर १९७२ ला वयाच्या ८३ व्या वर्षी कनेक्टिकटमधल्या आपल्या घरी गेला. आज कीव्हचं ते पॉलिटेक्निक आणि तिथला एक विमानतळ त्यांच्या नावानं ओळखला जातो.

भारताशी त्यांचं नातं जुनं आहे. आपल्या हवाई दलाचं १९५४ मधलं पहिलं हेलिकॉप्टर सिकोर्स्की एस-५५ हे होतं. १९७१ मध्ये नौदलात सी किंग आलं, ते इंग्लंडच्या वेस्टलँड कंपनीनं सिकोर्स्कीच्या परवान्यानं बनवलेलं. आणि मार्च २०२४ मध्ये कोचीत सीहॉकची तुकडी नौदलात दाखल झाली.

आता शेवटची गोष्ट.

२९ नोव्हेंबर १९४५. कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलाचा बार्ज खडकावर अडकला. वर दोन माणसं. बोट जवळ जाऊ शकत नव्हती. खबर जवळच्या सिकोर्स्की कारखान्यात गेली. सिकोर्स्कींचा भाचा जिमी व्हायनर आणि लष्कराचा एक अधिकारी हेलिकॉप्टर घेऊन निघाले आणि दोरानं एकेकाला वर ओढलं. दुसऱ्याच्या वेळी दोर ओढणारं यंत्रच अडकलं, तर त्याला तसाच लटकत किनाऱ्यावर आणला. दोघंही वाचले. हेलिकॉप्टरवरून दोर सोडून नागरिकांना वाचवल्याची ही पहिली घटना समजली जाते.

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. मुंबईजवळच्या समुद्रात बार्ज भरकटले, एक बुडाला, शेकडो कामगार अडकले. अनेकांचा जीव गेला. त्या बचावकार्यात नौदलाच्या जहाजांबरोबर हेलिकॉप्टर्सही उतरली होती, आणि त्यात सी किंग होतं.

पुढच्या वेळी कुलाब्यावरून ते करडं धूड घोंघावत जाताना दिसलं तर वर नक्की बघा. कीव्हमधल्या एका पोरानं रबर बँडवर फिरवलेला पंखा तीस वर्षं रखडला, पण तेव्हापासून तो फिरतोय. आणि डेकवर त्याला वेळेत थांबवायला एक ब्रेक लागतो, हेही आता आपल्याला माहितीये.